त्रिनिदाद-टोबॅगोला सासूबाई आणि ७ वर्षांच्या मुलासह: यलो फीव्हरची लस, डास, औषधं यांची तयारी

मेघना_ठाणे

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत त्रिनिदाद आणि टोबॅगोला जायचं ठरलंय. मुंबई-लंडन-पोर्ट ऑफ स्पेन, आणि परतीचाही तोच मार्ग. एकूण १२ दिवस, त्यातले शेवटचे ४ टोबॅगोत. सोबत नवरा, ७ वर्षांचा मुलगा (वजन २२ किलो) आणि ६७ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना मधुमेह आहे (रात्री एकदा इन्सुलिन, शिवाय मेटफॉर्मिन) आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. बेत असा: कॅरोनीच्या दलदलीत बोटीची फेरी, मराकसचा किनारा, अरिमाच्या वरच्या जंगलात पक्षी बघणं, एक कोकोचा मळा, आणि टोबॅगोत बुकू रीफ.

एजंट म्हणतो, भारतातून जाणाऱ्यांकडे त्रिनिदादला यलो फीव्हरचं कार्ड (लस घेतल्याचं प्रमाणपत्र) मागत नाहीत, तेव्हा लशीच्या भानगडीत पडू नका. हे खरं आहे का? सासूबाईंना या वयात ती लस चालेल का? मलेरियाच्या गोळ्या लागतील का? आणि औषधांच्या पिशवीत नक्की काय असावं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

पांथस्थ

एजंटचं अर्धंच खरं आहे, आणि राहिलेल्या अर्ध्यातच लोक अडकतात. भारत यलो फीव्हरचा देश नाही, त्यामुळे जाताना पोर्ट ऑफ स्पेनला तुमच्याकडे कार्ड मागणार नाहीत. कार्ड मागतात ते परत येताना, मुंबईच्या विमानतळावर. यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशांची जी यादी भारत सरकार पाळतं, त्यात त्रिनिदाद आहे. तिथून निघाल्यापासून ६ दिवसांच्या आत वैध कार्डाशिवाय भारतात उतरलात, तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. मध्ये लंडनला विमान बदललं म्हणून सुटका होत नाही, कारण मोजदाद त्रिनिदाद सोडल्यापासून होते.

इतकी कडक अंमलबजावणी का, तर आपल्याकडे हा आजार नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे आणि लोकांना लस दिलेली नाही. आजाराची लागण झालेला एक प्रवासी पुरे होईल. म्हणून या नियमाकडे कागदी कटकट म्हणून बघू नका.

लशीबद्दल नेमकं:

कार्ड लस घेतल्याच्या १० व्या दिवसापासून वैध होतं. एक डोस, ०.५ मिली, कातडीखाली. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी धरतात, जुन्या कार्डावर १० वर्षं लिहिलेली असली तरी. कुठल्याही दवाखान्यात घेतलेली लस चालत नाही, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयं आहेत, गोव्याकडच्यांना मुरगाव बंदराचं. एका कुपीत अनेक डोस असतात आणि ती उघडली की काही तासांतच संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारीच लस देतात आणि आधी नाव नोंदवून घेतात. सुट्ट्यांच्या हंगामात तारीख लांबते. निघण्याच्या आदल्या १० दिवसांत धावपळ करून उपयोग नाही, किमान ६ आठवडे आधी नंबर लावा.

कार्ड हातात पडल्यावर तिथेच उभं राहून तपासा: नाव पासपोर्टप्रमाणे, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, लशीची तारीख, बॅच क्रमांक, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा शिक्का. पासपोर्टचं नूतनीकरण करायचं असेल तर ते आधी उरका, नाहीतर कार्डावर जुना क्रमांक राहतो. मुलाला घेता येईल, ७ व्या वर्षी काही अडचण नाही. त्याचं कार्ड वेगळं.

डॉ_वाटाड्या

सासूबाईंबद्दल. या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

यलो फीव्हरची लस जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूची असते. बहुतेकांना दंड दुखणं, दोन-चार दिवस कणकण, एवढंच होतं. क्वचित हा लशीचा विषाणूच शरीरात पसरतो आणि यकृत, मूत्रपिंड किंवा मेंदूवर जातो. हे दुर्मिळ आहे, पण साठीनंतर पहिल्यांदा लस घेणाऱ्यांत त्याचं प्रमाण लाखात एकाच्या आसपास जातं आणि सत्तरीनंतर आणखी वाढतं. आटोक्यातला मधुमेह किंवा रक्तदाब हे लस न देण्याचं कारण नाही. खरी कारणं वेगळी आहेत: अंड्याची तीव्र ॲलर्जी, कर्करोगाचे उपचार, स्टिरॉइडचे मोठे डोस, अवयव प्रत्यारोपण, प्रतिकारशक्ती खालावलेली असणं, आणि थायमस ग्रंथीचा आजार किंवा ती काढलेली असणं. मायस्थेनिया (स्नायू दुबळे होण्याचा आजार) असेल तर ते आवर्जून सांगा, कारण त्यात थायमस बऱ्याचदा काढलेली असते आणि घरचे ते विसरतात. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटसारखी गोळी चालू असेल तर तेही.

दुसऱ्या पारड्यात काय, ते बघू. त्रिनिदादमध्ये हा आजार जंगलात, लाल हाउलर माकडं आणि झाडांच्या शेंड्यांवरचे हिमॅगॉगस डास यांच्यात फिरतो. १९७८-७९ मध्ये तिथे माणसांत उद्रेक झाला होता. माकडं मरायला लागली की जंगलात विषाणू आला, ही तिथली धोक्याची घंटा. शहरात, किनाऱ्यावर आणि टोबॅगोत हा धोका नगण्य आहे. अरिमाच्या वरचं जंगल मात्र नेमकं त्याच पट्ट्यात येतं.

तेव्हा तुमच्यासमोर तीन वाटा आहेत.

पहिली: त्यांच्या फिजिशियनशी बोलून, साखर आणि औषधं तपासून लस घेणं. साठीच्या वरच्यांकडून केंद्रावर डॉक्टरांचं फिटनेस पत्र मागतात, ते घेऊनच जा. लशीनंतर महिनाभरात जोराचा ताप, उलट्या, कावीळ किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. म्हणूनच लस आणि प्रवास यांत ३-४ आठवडे ठेवायचे, त्रास झालाच तर तो घरी असताना व्हावा.

दुसरी: डॉक्टरांनी लस नको म्हटलं तर वैद्यकीय सवलतीचं पत्र. ते मान्यताप्राप्त केंद्राच्या डॉक्टरांकडून, कारणासह, शिक्क्यासह घ्या. आपले आरोग्य अधिकारी ते विचारात घेतात, पण ६ दिवस निरीक्षणाखाली ठेवण्याचा अधिकार त्यांच्याकडे राहतो. हे पत्र म्हणजे लशीचा पर्याय नव्हे. अशा वेळी सासूबाईंनी जंगलात जाऊ नये.

तिसरी: लंडनला ६ दिवसांहून जास्त मुक्काम करून मग भारतात येणं. तुमच्याकडे तिथला व्हिसा आणि राहायची सोय असेल तर ही वाट सगळ्यात निर्धोक. त्रिनिदाद सोडल्याचा बोर्डिंग पास मात्र जपून ठेवा.

माझं मत: जंगल बघणं सासूबाईंची स्वतःची हौस नसेल तर त्यांचा तो दिवस गाळा, आणि लशीचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांवर सोपवा. सहलीसाठी कुणालाही ढकलून लस देऊ नये.

मेघना_ठाणे

डॉक्टर, मनापासून आभार. एक शंका: यादीत फक्त त्रिनिदाद आहे, टोबॅगो नाही, असं वाचलं. मग सासूबाईंना फक्त टोबॅगोला नेलं तर?

पांथस्थ

यादीत तसंच आहे, पण त्यावर भिस्त ठेवू नका. देश एकच, त्यामुळे पासपोर्टवरच्या शिक्क्यात फरक दिसत नाही. तुमचं तिकीट पोर्ट ऑफ स्पेनचं, म्हणजे पियार्को विमानतळावर उतरणं आलंच. विमानतळाच्या आतच राहून पुढे गेलेल्यांना सूट मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याला पटली तर. तुम्ही इमिग्रेशन करून बाहेर पडणार, मग तीही नाही. थेट टोबॅगोत उतरणारं आणि तिथूनच परत निघणारं तिकीट मिळालं, तर सगळे बोर्डिंग पास आणि हॉटेलची बिलं हाताशी ठेवा. पहाटे ३ वाजता दमलेल्या सासूबाईंनी काउंटरवर भूगोल समजावून सांगावा, अशी वेळ आणू नका.

डॉ_वाटाड्या

आता डास. लोक यलो फीव्हरच्या कार्डात गुंततात आणि रोजच्या धोक्याकडे दुर्लक्ष होतं. तिथे मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांची गरज नाही. डेंग्यू मात्र आहे, २०२४ मध्ये मोठा उद्रेक झाला होता. चिकुनगुन्या आणि झिका हेही येऊन गेलेत. फेब्रुवारी हा कोरडा हंगाम (पाऊस साधारण जून ते डिसेंबर), त्यामुळे डास कमी, पण तिथेही घराघरांत पाणी टाकीत आणि पिंपात साठवतात. आपल्यासारखंच.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी उन्हं वर येताना आणि संध्याकाळी मावळायच्या आधी सर्वांत जास्त. रात्रीची मच्छरदाणी पुरेशी नाही. २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन असलेलं मलम किंवा स्प्रे न्या. आपल्याकडच्या नेहमीच्या क्रीममध्ये १२ टक्के एन-एन-डायएथिल बेंझामाइड असतं. घराच्या गच्चीवर ठीक, दलदलीत संपूर्ण संध्याकाळ काढायला मी त्यावर विसंबणार नाही.

लावायचा क्रम: आधी सनस्क्रीन, ते १५-२० मिनिटं मुरू द्यायचं, मग त्यावर डासांचं औषध. उलटं केलं तर दोन्ही कमी चालतात. दोन्ही एकत्र असलेली क्रीम घेऊ नका, कारण सनस्क्रीन दर २ तासांनी लावावं लागतं आणि डीट तितक्या वेळा लावायचं नसतं. मुलाला तुमच्या हाताने लावा, त्याचे तळहात, डोळ्यांभोवतीची जागा आणि तोंड सोडून. घोटे आणि कानांमागची जागा विसरायची नाही.

कोकोच्या मळ्याबद्दल एक खास सूचना. ओरोपूश नावाच्या तापाचा विषाणू १९५५ मध्ये त्रिनिदादमध्येच सापडला, वेगा दे ओरोपूश या गावच्या माणसाच्या रक्तात. तो डासापेक्षा कितीतरी बारीक चिलटं पसरवतात, आणि त्यांची पैदास कोकोच्या कुजक्या सालपटांत आणि केळीच्या खुंटांत होते. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती सहज आत येतात. मळ्यात सालपटांचे ढीग असतील तिथे रेंगाळू नका, पूर्ण बाह्या आणि मोजे घाला. लक्षणं डेंग्यूसारखीच. ताप उतरून काही दिवसांनी पुन्हा येतो, हे त्याचं वैशिष्ट्य.

ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक नाही, कारण डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढतो. सासूबाईंना हृदयासाठी छोटी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. मुलाला वजनाप्रमाणे १५ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे २२ किलोला साधारण ३३० मिग्रॅ, ६ तासांच्या अंतराने, दिवसात ४ वेळांपेक्षा जास्त नाही. ५ मिलीत २५० मिग्रॅ असलेलं सिरप असेल तर सुमारे ६.५ मिली. चूक होते ती इथे: बाजारात ५ मिलीत १२० मिग्रॅचंही सिरप असतं. बाटली घरूनच न्या आणि तिच्यावर मार्करने डोस लिहून ठेवा.

डेंग्यूत धोक्याची वेळ ताप चढताना नसते, तो उतरताना असते, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, ग्लानी: यातलं काहीही दिसलं की रुग्णालय. "ताप गेला, बरं झालं" म्हणून बोटीवर जायचं नाही.

ऋजुता_फार्म

औषधांच्या पिशवीचं मी सांगते.

सगळी औषधं मूळ पट्टीत, आणि डॉक्टरांचं पत्र जेनेरिक नावांसह, छापील, इंग्रजीत. आपली ब्रँडनावं तिकडे कुणी ओळखणार नाही. मुक्कामापेक्षा किमान एक आठवडा जास्तीचा साठा घ्या आणि तो दोन पिशव्यांत विभागा, दोन्ही केबिन बॅगेत. झोपेच्या, चिंतेच्या किंवा कोडीन-ट्रामाडॉलच्या गोळ्या असतील तर त्यांचा पत्रात स्वतंत्र उल्लेख हवा, कारण लंडनचाही विमानतळ मध्ये आहे.

इन्सुलिन मोठ्या सामानात टाकायचं नाही. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक असलं तरी निकामी असतं. वापरात असलेलं पेन ३० अंशांच्या आत साधारण ४ आठवडे टिकतं (पेनवरचा कागद वाचा, प्रकारानुसार फरक आहे). उन्हात उभ्या गाडीत मात्र अर्ध्या तासात वाट लागते. पाण्यात भिजवून थंड राहणारी पिशवी घ्या. बर्फाला चिकटवून ठेवू नका.

वेळेचा हिशेब: त्रिनिदाद भारताच्या साडेनऊ तास मागे आहे. पश्चिमेकडे जाताना तुमचा दिवस तेवढा लांबतो, म्हणजे रात्रीच्या दोन डोसांमधलं अंतर साडेतेहतीस तासांवर जाऊ शकतं. मध्ये थोडं इन्सुलिन द्यायचं की नाही, किती, हे डॉक्टरांकडून आकड्यांत लिहून घ्या. प्रवासात एक घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवा आणि दर ४-६ तासांनी साखर तपासा. परतीला उलट होतं, दिवस आखडतो आणि डोस जवळजवळ येऊन साखर खाली जायची भीती असते. ग्लुकोजच्या गोळ्या सासूबाईंच्या पर्समध्येच हव्यात, तुमच्या नाही.

जुलाब-उलट्या झाल्या तर मेटफॉर्मिन आणि (असेल तर) लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू ठेवायची का, हेही निघण्याआधी विचारून ठेवा. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात. बाकी पिशवीत: ओआरएसची २१ ग्रॅमची पाकिटं किमान ८ (एक पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही), थर्मामीटर, चिमटा, जखमेचं मलम, सेटिरिझिन (ॲलर्जीची गोळी). लोपेरामाइड (जुलाब थांबवणारं औषध) ठेवलंत तर ताप किंवा शौचात रक्त असताना ते द्यायचं नाही, आणि मुलाला मुळीच नाही.

अनवाणी चालणं पूर्ण बंद. वाळूत कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतल्या अळ्या कातडीत शिरून नागमोडी खाजरी रेघ उमटवतात, आणि मधुमेहात तळपायाला चटका बसलेलाही कळत नाही. सासूबाईंचे तळपाय रोज रात्री दिव्याखाली बघा.

दर्यावर्दी

किनाऱ्याचं. मराकस सुंदर आहे, पण उत्तर किनाऱ्यावर बाहेर ओढणारे प्रवाह असतात. जीवरक्षकांनी लाल-पिवळे झेंडे लावले असतील त्यांच्या मधल्या पट्ट्यातच पोहा. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नका, दम तिथेच संपतो. तरंगत राहा, हात वर करा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरका.

टोबॅगोच्या किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड दिसतं. चकचकीत पानं, खाली पडलेली छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं, बऱ्याचदा खोडावर लाल पट्टा किंवा पाटी. त्याचा चीक अंगाला लागला की फोड येतात, डोळ्यात गेला तर फार वाईट. पावसात त्याच्या आडोशाला उभं राहायचं नाही, पानांवरून टपकणारं पाणीही भाजतं. ७ वर्षांचं पोर खाली पडलेलं फळ उचलणारच, तेव्हा त्याला आधीच फोटो दाखवून ठेवा.

बुकू रीफवर रबरी तळाचे बूट घाला. समुद्री साळ टोचली तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांपर्यंत, अर्धा-एक तास ठेवा. काटे चिमट्याने अलगद काढा, चेचू नका. पाण्याचं तापमान दुसऱ्या कुणीतरी बघायचं, मधुमेही व्यक्तीच्या पायावर भरवसा ठेवून नाही. प्रवाळाला हात लावू नका, खरचटलेली जागा आठवडाभर चिघळते.

मोठे भक्षक मासे, विशेषतः बराकुडा, खाऊ नका. त्यांत सिग्वाटेरा नावाचं विष साठतं. ते शिजवून, तळून, गोठवून जात नाही आणि चवीलाही कळत नाही. थंड वस्तू गरम लागायला लागली की समजावं. लहान मासे, कोळंबी, गरम गरम, बिनधास्त खा.

पोर्ट ऑफ स्पेनहून टोबॅगोला जाणारी फेरीबोट भरपूर हेलकावते. मळमळीची गोळी सुटण्याच्या तासभर आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नाही. सासूबाईंसाठी विमान बरं, २५ मिनिटांत पोचतं. शिवाय एक आडवी सूचना: लष्करी छापाची टोपी किंवा कपडे नेऊ नका, मुलाचेही नाहीत. तिथे ते कायद्याने बंद आहेत.

मेघना_ठाणे

केवढी माहिती! साप-विंचू आणि रस्त्यावरचं खाणं, एवढंच राहिलं.

डॉ_वाटाड्या

टोबॅगोत विषारी साप नाहीत. त्रिनिदादच्या जंगलात चार जाती आहेत, त्यांतले मापेपिरे म्हणतात ते दोन जास्त घातक. पायवाट सोडू नका, घोट्यावर येणारे बूट घाला. चावलाच तर अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय. बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. तिथल्या काळ्या विंचवाच्या दंशाने स्वादुपिंडाला सूज येते, म्हणून दंशानंतर पोटात दुखलं किंवा उलटी झाली तर ते घाबरल्यामुळे आहे असं समजू नका. सकाळी बूट झटकूनच पाय घालायचा.

वटवाघळांचं मात्र गांभीर्याने घ्या. रक्त पिणारी वटवाघळं माणसांना रेबीज देतात हे त्रिनिदादच्याच जोसेफ लेनॉक्स पवन यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सिद्ध केलं. जंगलातल्या मुक्कामात खिडक्यांना जाळी हवी. वटवाघळाचा ओरखडा जरी निघाला तरी १५ मिनिटं साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची.

पावसानंतर नदीत डुंबू नका, लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा ताप) तिथेही आहे. खाण्यात डबल्स, म्हणजे 'बारा' नावाच्या तळलेल्या पुरीत घातलेले चणे, हे तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांचं खाणं, सासूबाईंना आवडेल. गर्दी असलेल्या गाडीवर, कढईतून निघालेलं खा. वरची काकडी आणि उघड्या बरणीतली चटणी नको म्हणा. बर्फाचा गोळा नाही. पाणी बाटलीचं किंवा उकळलेलं. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए च्या लशी यलो फीव्हरबरोबर एकाच दिवशी घेता येतात. दुसरी एखादी जिवंत लस घ्यायची असेल तर त्याच दिवशी, नाहीतर ४ आठवड्यांनी.

रुग्णवाहिकेचा नंबर ८११, पोलीस ९९९. मोठी सरकारी रुग्णालयं पोर्ट ऑफ स्पेन, माउंट होप आणि सॅन फर्नांडोत, टोबॅगोत स्कारबरोला. खासगीत आधी पैसे भरावे लागतात, म्हणून विम्यात आधीपासूनचे आजार (मधुमेह, रक्तदाब) स्पष्ट लिहिलेले आणि दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च धरलेला असावा. ते लपवलेत तर दावा फेटाळला जातो.

परत आल्यावर २ आठवड्यांत कुणालाही ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात "त्रिनिदादहून आलोय" म्हणून सांगा आणि घरात डासांपासून जपा, म्हणजे आजार शेजाऱ्यांकडे जाणार नाही. कुटुंबात कुणी गरोदर असेल किंवा दिवस राहावेत असा विचार असेल तर हा बेत आधी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला. झिका गर्भाला अपाय करू शकतो, म्हणून परतल्यानंतर दिवस राहू देण्याआधी पुरुषांनी ३ महिने आणि स्त्रियांनी २ महिने थांबायचं असतं.